‘आजचा भाव’ म्हणजे नेमका कोणता?

‘लासलगावला कांदा कसा गेला?’ असं शेतकऱ्यानं मोबाइलवर विचारावं आणि एआय एजंटनं खात्रीचं उत्तर द्यावं, अशा एका सेवेचं काम सध्या माझ्याकडे आहे. मी तांत्रिक लेखन करते. पूर्वी माणसांसाठी माहितीपुस्तिका लिहायचे. आता एजंटसाठी टूलची वर्णनं लिहिते.

एजंट म्हणजे नुसतं बोलून न थांबता काम करणारा एआय. पण त्याच्यामागचं भाषेचं मॉडेल स्वतः बाजार समितीच्या नोंदी उघडू शकत नाही. त्यासाठी त्याला टूल, म्हणजे एखादं ठरावीक काम करणारा छोटा प्रोग्रॅम, देतात. ओपनएआय या एआय कंपनीनं जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना अशी टूल जोडण्याची सोय प्रोग्रॅमरांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुलं मानक आणलं आणि ही जोडणी आणखी सोपी झाली. मॉडेलसमोर प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी असते. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही. कोणतं टूल घ्यायचं आणि त्यात काय भरायचं, हे ते एवढ्या मजकुरावरूनच ठरवतं.

आता समजा, वर्णन इतकंच आहे: ‘शेतमालाचा भाव देतं. बाजार आणि तारीख द्या.’ प्रोग्रॅमरला एवढं पुरतं, कारण बाकीचं त्याच्या डोक्यात असतं. मॉडेलला पुरत नाही. विंचूर आणि निफाड ही लासलगाव बाजार समितीचीच उपआवारं, पण त्यांचे दर वेगळे नोंदतात. लाल आणि उन्हाळी कांद्याचे दर वेगळे. दर क्विंटलचा असतो, तर शहरातलं गिऱ्हाईक किलोत बोलतं. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? आणि लिलाव बंद असले तर येणाऱ्या रिकाम्या उत्तराचा अर्थ काय लावायचा?

म्हणून मी वर्णन असं लिहिलं आहे:

‘बाजार समितीच्या लिलावात निघालेले घाऊक दर देतं. दर रुपयांत, प्रति क्विंटल. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. एकच सांगायचा असेल तर सर्वसाधारण दर सांगावा. किरकोळ भावासाठी किंवा पुढच्या भावाच्या अंदाजासाठी वापरू नये. नुसतं “लासलगाव” विचारलं असेल तर मुख्य आवार धरावं आणि उत्तरात तसं सांगावं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, उदा. २०२५-०६-०५. यादी रिकामी आली तर त्या दिवशीची नोंद नाही; भाव शून्य नाही. मागचा दर सांगितल्यास त्याची तारीखही सांगावी.’

यात एकही अवघड शब्द नाही. टूल काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा नाही आणि हाती आलेल्या उत्तराचा अर्थ काय, एवढंच आहे. कांद्याची जात मात्र वर्णनात समजावण्यापेक्षा रकान्यातच ठरावीक पर्याय दिलेले बरे. मग यादीबाहेरचं काही भरताच येत नाही.

अशा दोन-चार ओळींनी मोठा फरक पडतो. अँथ्रॉपिकनं २०२५ मध्ये स्वतःचाच अनुभव मांडला होता. त्यांचं मॉडेल वेबवर शोधताना गरज नसताना शोधशब्दांना ‘२०२५’ जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. टूलचं वर्णन सुधारलं आणि ही सवय सुटली.

वर्णन लिहून झालं की मी लोक विचारतात तसेच प्रश्न एजंटला घालते. ‘उद्या माल नेऊ का?’ असं विचारल्यावर तो कालचा दर उद्याचा म्हणून सांगत असेल, तर कोणतं वाक्य अपुरं पडलं ते शोधते. कोडला हात न लावता, एक वाक्य नेमकं केल्यानं बरंच काही जागेवर येतं.

माझा आग्रह एकच आहे: हे वर्णन कामाच्या जाणकाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रोग्रॅमरला कोड कळतो, मला भाषा कळते. पण नोंद कधी उशिरा येते, कोणत्या दिवशी लिलाव नसतात, हे बाजार समितीत रोज दर नोंदवणाऱ्या माणसालाच ठाऊक. त्याच्याशी तासभर बोललं की असे बारकावे मिळतात, जे कोणत्याही तांत्रिक कागदावर नसतात. बँकेच्या टूलसाठी हेच रोखपालाला विचारावं, दवाखान्याच्या टूलसाठी परिचारिकेला.

एवढा खटाटोप कशासाठी? वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे क्विंटलला २०० रुपयांची चूक म्हणजे ४,००० रुपये. एजंटच्या भरवशावर ट्रॉली भरणाऱ्या शेतकऱ्याला टूलचं वर्णन कधी दिसणार नाही, त्यातली चूक मात्र त्यालाच भोवेल. म्हणून ती आपल्या टेबलावरच सापडायला हवी.