नोकरी जाते ती लंच ब्रेकमध्ये!

दिवाळीच्या आधीचा आठवडा. ऑफिसच्या लॉबीत टेबलं मांडलेली. रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या, आकाशकंदील. मागे एखाद्या विशेष शाळेचा बॅनर आणि टेबलापाशी दोन-तीन मुलं, सोबत त्यांच्या टीचर. तुम्ही मीटिंगला पळता पळता पणत्यांचा एक बॉक्स उचलता, पाचशेची नोट पुढे करता, ‘राहू द्या हो सुटे’ म्हणता आणि लिफ्ट गाठता. दिवसभर छान वाटतं.

पण तिथे एक परीक्षा चालू असते, हे तुमच्या लक्षातच येत नाही. समोरच्याकडे बघून ‘नमस्कार’ म्हणायचं, किंमत सांगायची, नोट ओळखायची, उरलेले पैसे मोजून परत द्यायचे. शाळेत महिनोन् महिने याची तयारी झालेली असते आणि तुम्ही नेमका सगळ्यात अवघड प्रश्न ऑप्शनला टाकलात! पणत्या रंगवणं त्या मुलांना केव्हाच जमलंय. त्यांची खरी शिकवणी आहे ती पणत्यांच्या आजूबाजूची.

अठरा पूर्ण... आणि पुढे?

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत दहावी-बारावीची धामधूम नसते. मुलांचे गट वय आणि क्षमता बघून पाडतात: पूर्व प्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक आणि मग पूर्व-व्यावसायिक. माध्यमिकपासून भाषा-गणित हळूहळू कामाला जुंपलं जातं. वाचायचं ते दुकानाची पाटी आणि औषधाचं लेबल, मोजायचं ते कप आणि मिनिटं.

घाई असते, कारण घड्याळ चालू आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठराव्या वाढदिवसाला शेजारचा मित्र इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन शोधत असतो आणि याच्यासमोर मात्र टीव्हीचा रिमोट. प्रौढांसाठी कार्यशाळा आहेत, पण सगळ्यांना पुरतील इतक्या नाहीत. घरी बसलं की शिकलेलंही विसरायला होतं. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न पालकसभेत कुणी ना कुणी विचारतोच. तेव्हा तेरा ते अठरा ही पाच वर्षं म्हणजे या मुलांचं कॉलेज, इंटर्नशिप आणि कॅम्पस, सगळं एकातच.

‘चहा कर’ म्हणजे नक्की काय?

तुम्हाला ही एक सूचना वाटते. विशेष शिक्षिकेला त्यात डझनभर पायऱ्या दिसतात. किती जणांना हवाय ते विचारणं, तेवढे कप पाणी मोजणं, गॅस पेटवणं, साखर, पावडर, उकळी, दूध, गॅस बंद करणं, गाळणं... एकेक पायरी सुटी करून शिकवायची, भिंतीवर चित्रांची पट्टी लावायची. कधी उलटीकडून सुरुवात करतात. बाकी सगळं टीचर करतात, मुलगी फक्त शेवटचं, म्हणजे कपबशी नेऊन देणं करते. मग गाळून देणं, मग त्याच्या आधीचं. गंमत म्हणजे पहिल्या दिवसापासून ‘चहा मी दिला’ हे तिच्या नावावर लागतं.

हीच पद्धत हॉटेलची खोली आवरायला चालते, फायली लावायला चालते, बिस्किटांचं पॅकिंग करायलाही चालते. लेमन ट्री हॉटेल्सनं २००७पासून कर्णबधिर कर्मचारी घ्यायला सुरुवात केली आणि पुढे डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांनाही घेतलं. मुंबईच्या ओम क्रिएशन्स ट्रस्टमध्ये तर १९९१पासून बौद्धिक दिव्यांग मुली कलाकुसर आणि खाद्यपदार्थांची कामं करू लागल्या. कामाचं तंत्र शिकवता येतं, हा मुद्दा कधीच सिद्ध झालाय.

प्लॅटफॉर्म बदललाय!

घर ते कामाची जागा हे अंतर मात्र एक स्वतंत्र विषय आहे. मुंबईत बेस्टच्या बसवर वर्षानुवर्षं पुढच्या बाजूला नंबर देवनागरीत असायचा. इंग्रजी आकडे शिकलेल्या मुलाला तो पुन्हा शिकावा लागे. लोकलमध्ये फास्ट-स्लो. तेही जमतं. आधी टीचर शेजारी बसतात, मग त्याच डब्यात पण लांब, मग फक्त स्टेशनवर उभ्या राहतात.

खरी कसोटी लागते रविवारच्या मेगाब्लॉकला, किंवा ‘प्लॅटफॉर्म क्रमांक बदलण्यात आला आहे’ अशी अनाउन्समेंट झाल्यावर. रस्ता पाठ असणं वेगळं आणि चुकला तर कुणाला, कसं विचारायचं हे येणं वेगळं. म्हणून खिशातलं कार्ड, फोनमधला पहिला नंबर, युनिफॉर्ममधला माणूस ओळखणं, याची तालीम मुद्दाम घोळ घालून घेतली जाते.

पैशांचंही तेच. २०१६च्या नोटाबंदीनंतर पुढच्या दोन-तीन वर्षांत दहापासून पाचशेपर्यंतच्या नोटांचे रंग बदलले. आपण आठवडाभर कुरकुरलो. पण नोटा रंगावरून ओळखायला शिकलेल्या मुलांचा अख्खा धडाच कालबाह्य झाला. आता क्यूआर कोड आलाय. मोजणी वाचली, पण पिन कुणालाही सांगायचा नाही, हा नवा पाठ वाढला.

आणि मग तो अर्धा तास

एवढं सगळं जमलं तरी नोकरी अडखळते, आणि बहुतेक वेळा काम येत नाही म्हणून नाही. काम ठरलेलं असतं. लंच ब्रेक ठरलेला नसतो. कुणाशेजारी बसायचं? थट्टा चाललीय की अपमान? सगळे हसतायत म्हणून आपणही हसायचं का? कुणी ‘शंभर रुपये दे रे’ म्हटलं तर द्यायचे? मॅडम आवडल्या म्हणून मिठी मारायची नाही, हे कुणी सांगायचं?

म्हणूनच जाणत्या शाळांमध्ये ‘नाही’ म्हणण्याचा तास असतो. ऐकायला विचित्र वाटेल, कारण या मुलांना लहानपणापासून फक्त ऐकायला शिकवलेलं असतं. वयात येणं, स्वच्छता, खासगी काय आणि चारचौघांतलं काय, नको असलेला स्पर्श, हे सगळं याच तासात. माझ्या मते मेणबत्त्यांच्या मोल्डपेक्षा हा तास कितीतरी मोलाचा आहे. स्टॉलवर तो दिसत नाही, म्हणून त्याला देणगी मिळत नाही इतकंच!

बॉल तुमच्या कोर्टात

१९९५च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव होत्या, पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांसाठी. २०१६च्या कायद्यानं ४ टक्के केल्या आणि पहिल्यांदाच स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरेंचा त्यात समावेश झाला. खासगी कंपन्यांना सक्ती नाही. किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी घेण्यासाठी सरकारनं प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. म्हणजे निर्णय शेवटी तुमच्या एचआरचा.

मुंबईत जुहूला २०१८मध्ये यश चॅरिटेबल ट्रस्टनं कॅफे अर्पण सुरू केला. स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी तिथे पगारावर काम करू लागले. त्याआधी ट्रस्टची डबा सेवा होती. तिथे दया नव्हती, ड्युटी होती.

ऑफिसला फार काही करावं लागत नाही. सूचना एकावेळी एक. वेळापत्रक लिहून किंवा चित्रात. जागा बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगणं. अडलं तर विचारायला एकच ठरलेला माणूस. आणि इंटरव्ह्यूत ‘पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?’ हे विचारण्यापेक्षा दोन तास प्रत्यक्ष काम देऊन बघणं. (तो प्रश्न तुम्हालाही आवडत नाही, खरं सांगा!) सुरुवातीचे दिवस शाळेचा किंवा संस्थेचा जॉब कोच सोबत येतो. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एक फोन. रिसेप्शनच्या सोफ्यावर बाबाही बसलेले असतात, डबा घेऊन. त्यांना घरी पाठवायलाही कोचला तेवढेच दिवस लागतात.