तोकबोक्की नीट जमायची तर

कोरियन मालिका पाहणाऱ्या घरांत तोकबोक्की आता नवी राहिलेली नाही. लालभडक, चकचकीत रश्शातल्या बोटाएवढ्या पांढऱ्या कांड्या पडद्यावर पाहून अनेकजण पाकीट आणतात आणि करून बघतात. पहिल्या खेपेला बहुधा कांड्या आतून कडक राहतात किंवा रस्सा पाणचट होतो. मग वाटतं, तिखट-मीठ चुकलं असावं. खरं तर हा पदार्थ आधी तांदळाचा आणि मग मिरचीचा आहे. तांदूळ समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

कांडी कशी बनते?

या कांडीला कोरियात गारेतोक म्हणतात. आखूड दाण्याचा साधा तांदूळ भिजवून दळतात, ते ओलसर पीठ वाफवतात आणि गरम असतानाच भरपूर कुटतात. पूर्वी हे काम लाकडी मोगऱ्याने होई. आता यंत्रातून दाबून लांबच लांब कांड्या काढतात. वाफेमुळे पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि कुटल्यामुळे तो एकजीव होतो. दाताखाली येणारा तो सुखद ताण इथूनच येतो. हीच कांडी तिरकी, पातळ कापली की कोरियन नववर्षाच्या तोकगुक या सूपमध्ये जाते.

शिजलेला स्टार्च थंड झाला की मात्र पुन्हा घट्ट होतो. फ्रिजमधला कालचा भात टणक लागतो, तेच इथेही घडतं. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. म्हणून ताज्या कांड्या त्याच दिवशी संपवाव्यात, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. कडक झालेल्या कांड्या वाया गेलेल्या नसतात. पाणी आणि उष्णता मिळाली की त्या पुन्हा मऊ होतात. पाकिटातल्या कांड्या सुट्या करून वीसेक मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गोठलेल्या असतील तर अर्धा तास साध्या पाण्यात. ही पायरी गाळली की बाहेरून लगदा आणि आतून खडा, अशी गत होते.

लाल रंग कधी आला?

मूळची तोकबोक्की लाल नव्हती. जोसॉन राजवटीच्या काळात ती सोया सॉस, गोमांस आणि भाज्यांसोबत परतली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘सिउइजॉनसॉ’ या पाकग्रंथात तिची नोंद आहे. दरबारी तोकबोक्की म्हणून हा सौम्य प्रकार आजही केला जातो, आणि लहान मुलांसाठी तो उत्तम. लाल तोकबोक्कीचं श्रेय सहसा सोलच्या सिंदांग-दोंग भागातल्या मा बोक-रिम यांना दिलं जातं. 1953 मध्ये, कोरियन युद्ध थांबलं त्या वर्षी, त्यांनी गोचुजांग ही मिरचीची पेस्ट घालून ती विकायला सुरुवात केली, असं सांगतात. युद्धानंतर तांदूळ दुर्मीळ होता आणि अमेरिकेच्या मदतीतून गहू येत होता, त्यामुळे गव्हाच्या पिठाच्या कांड्याही रूढ झाल्या. त्या आजही मिळतात. तांदळाच्या कांड्यांपेक्षा त्या जरा मऊ असतात आणि रस्सा पटकन शोषतात.

रश्शाचा पाया

गोचुजांग म्हणजे मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ यांची मुरवलेली पेस्ट. तिच्यातला गोडसर, खोल स्वाद कित्येक महिन्यांच्या मुरण्यातून येतो. म्हणून तिच्याऐवजी शेजवान सॉस घालू नये. त्यातला लसूण आणि आंबटपणा या पदार्थाला वेगळीकडे नेतो. गोचुगारू ही भरड मिरचीपूड मात्र नसली तरी चालते. बिया काढून भरड कुटलेली ब्याडगी मिरची रंगाला आणि सौम्य तिखटाला जवळची आहे.

दुसरा आधार म्हणजे पाणी. कोरियात साधं पाणी न वापरता सुकी अँकोवी मासळी आणि केल्प या समुद्री शेवाळाचा अर्क काढतात. मासळीची डोकी आणि पोटातला काळा भाग काढून टाकावा, नाहीतर कडवटपणा उतरतो. आपल्याकडची सुकी मांदेली याच कुळातली, ती खुशाल वापरावी. शाकाहारी घरांत केल्प आणि सुके शिताके मशरूम पुरेसे होतात.

कृती (दोघांसाठी)

350 ग्रॅम कांड्या, 3 कप अर्क, 3 मोठे चमचे गोचुजांग, 1 मोठा चमचा मिरचीपूड, 1 मोठा चमचा सोया सॉस, 1 मोठा चमचा साखर, 1 लहान चमचा ठेचलेला लसूण, पातीचा कांदा आणि 2 उकडलेली अंडी घ्या. मिळाला तर ओमुक, म्हणजे माशाच्या चपट्या वड्या, घ्या.

पसरट कढईत अर्क उकळा. गोचुजांग त्यात विरघळवा. कोरड्या कढईत परतलीत तर तिच्यातली साखर करपते. बाकीचे मसाले आणि भिजवलेल्या कांड्या घाला. मध्यम आचेवर 10 ते 12 मिनिटं झाकण न ठेवता शिजू द्या आणि तळाशी लागू नये म्हणून अधूनमधून हलवत राहा. कांड्यांतला स्टार्च रश्शात उतरतो आणि तोच रस्सा दाट करतो, त्यामुळे कॉर्नफ्लोअरची गरज नाही. ओमुक, अंडी आणि पातीचा कांदा शेवटच्या 3–4 मिनिटांत घाला. रस्सा चमच्याला चिकटू लागला की गॅस बंद करा. निवताना तो आणखी दाटतो. वरून तिळाचं तेल आणि तीळ.

कांड्या घरी करायच्या तर

इंद्रायणीसारखा चिकटसर तांदूळ भिजवून, निथळून दळा. पिठात मीठ घालून ते वाफवा आणि गरम असतानाच वरवंट्याने किंवा खलबत्त्यात गुळगुळीत होईपर्यंत कुटा. हाताला तिळाचं तेल लावून वळा आणि कापा. मोदकाची उकड मळण्याची सवय असलेल्या हातांना हे जड जाणार नाही. फक्त इथे कुटणं कितीतरी जास्त लागतं, आणि त्यात कसूर केली तर कांडी तुटते.

खायची कशी?

गरम असतानाच. कोरियात सोबत रताळ्याची किंवा शेवाळाच्या गुंडाळ्यांची भजी असतात आणि ती याच रश्शात बुडवतात. तिखटावर उतारा म्हणून मुळ्याचं गोडसर पिवळं लोणचं घेतात. उकळत्या रश्शात इन्स्टंट नूडल्स टाकल्या की राबोक्की तयार होते. तेव्हा अर्क एक कप वाढवा. शेवटी उरलेल्या रश्शात भात आणि भाजलेलं शेवाळ परतायचं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाजारातल्या बऱ्याच गोचुजांगांत गहू असतो आणि तयार पाकिटांच्या मसाल्यात मासळीचा अर्क असू शकतो. वेष्टन वाचूनच घ्या. आणि लहान मुलांना व वृद्धांना कांड्या बारीक तुकडे करूनच द्या, कारण त्या घशात अडकू शकतात.