पाण्याच्या उलट वाटेने

गुहागरपासून कोयनानगरपर्यंत सायकलने जाता येते का, असे दिवाळीच्या सुट्टीनंतर मला वसतिगृहातल्या निदान वीस जणांनी विचारले. येते. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. चिपळूणला मुक्काम केला तर दोन दिवसांत होते. विचारणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सीन कसा आहे रे?" एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला शिवसागर जलाशय, एवढे कोणताही नकाशा सांगेल. पण या दोहोंमधल्या उंचीचा अर्थ कळला नाही, तर ते देखावे म्हणजे कॅलेंडरवरची दोन चित्रे. हा लेख त्या उंचीविषयी आहे.

प्रथम पाण्याचा प्रवास सांगतो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकजवळ ती पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असताना हे पाणी सारे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते, कारण मध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे. सन १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या कोयना धरणाने हा निसर्गक्रम उलटवला. अडवलेले पाणी बोगद्यांतून कड्याच्या पोटात शिरते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळते, कोळकेवाडीच्या छोट्या धरणात पुन्हा अडते, अलोऱ्याला आणखी वीज देते आणि मग वाशिष्ठी नदीला मिळते. चिपळूणवरून जात दाभोळच्या खाडीतून अंजनवेलपाशी ते अरबी समुद्रात पोचते. अंजनवेल गुहागर तालुक्यातच आहे. म्हणजे गुहागरहून निघालेला सायकलस्वार जिथे पाण्याचा प्रवास संपतो तिथून सुरुवात करतो आणि पाण्याच्या उलट दिशेने चढत जातो.

कोकण म्हणजे सपाट किनारा, अशी घाटावरच्या मित्रांची समजूत असते. सपाट आहे ती गुहागरची वाळू, सुरूची बने आणि व्याडेश्वराच्या देवळाजवळची वाडी. तिथून पाठ फिरवली की रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढू लागतो. शृंगारतळी, मार्गताम्हाणे अशी गावे येतात. चढ येतो, माथ्यावर वारा लागतो, आणि घाम वाळतो न वाळतो तोच उतार. कमावलेली उंची पुढच्या वहाळापाशी खर्चून टाकावी लागते आणि पलीकडे पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते. माझ्या मते घाटापेक्षा हा पहिला दिवस अधिक थकवतो. घाट निदान प्रामाणिक असतो. घेतलेली उंची माथ्यापर्यंत परत मागत नाही.

कुंभार्ली घाट पोफळीच्या पुढे सुरू होतो. येथे थोडे गणित करणे भाग आहे. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये. माझी सायकल वडिलांची, साधी, काळी, दांडीच्या ब्रेकची. वडील तिच्यावरून पंचवीस वर्षे कामाला गेले. तिच्यावर बसून कॉलेजात आलेला घरातला पहिला माणूस मी. तिच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८. पायडल एकदा पुरते फिरले की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. त्या एका फेऱ्यात पाय मात्र जेमतेम एक मीटरभरच प्रवास करतो. म्हणजे अंतर पाचपट मिळते, आणि त्याचा मोबदला म्हणून जोरही पाचपट द्यावा लागतो.

मी, सायकल आणि पिशवी मिळून ८० किलो धरा. वीस मीटरला एक मीटर अशा चढावर गुरुत्वाकर्षण आपल्याला चार किलो वजनाइतके मागे ओढते. ते पायडलवर पाचपट होऊन वीस किलो होते, आणि तेही सरासरीने. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पायाचा जोर वाया जातो, त्यामुळे मधल्या क्षणी त्याहून बराच जास्त दाबावे लागते. वळणावर चढ आणखी उभा होतो. तिथे उतरून सायकल हाताने ढकलणे हा कमकुवतपणा नव्हे, ते शुद्ध भौतिकशास्त्र आहे. माझ्या मित्राची सायकल गिअरची होती. चाक आणि पायडल सारखेच फिरतील असा गिअर टाकला की त्याचा भार वीस किलोंवरून आठ किलोंवर येई, पण माझ्या एका फेऱ्याला त्याला अडीच फेरे मारावे लागत. गिअरने श्रम कमी होत नाहीत. ते लहान लहान हप्त्यांनी फेडता येतात, इतकेच. पण ज्याच्या घरी हप्त्यांची सवय आहे, त्याला या सवलतीची किंमत कळेल.

जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६५९ मीटर असते. ८० किलो वजन एवढे उंच न्यायला लागणारी ऊर्जा विजेच्या हिशेबात एका युनिटचा सातवा भाग भरते. दोन दिवसांची धाप, आणि त्यात दहा वॅटचा एलईडी दिवा चौदा तास जळेल! उलट, दोनशे लिटरची पाच पिंपे भरून पाणी पोफळीच्या वीजगृहात पावणेपाचशे मीटर खाली पडले की एक युनिटहून अधिक वीज मिळते. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. तो आकडा म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना कुंभार्लीत समजले.

माथा ओलांडला की हवा बदलते. दमट उकाडा मागे राहतो, आणि हेळवाकवरून कोयनानगर येते. धरणाच्या भिंतीवर जाऊ देत नाहीत. नेहरू उद्यानातून तिचे दर्शन घ्यावे. भिंत १०३ मीटर उंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तिला तडे गेले होते, नंतर ती बळकट केली. तिच्यामागे जलाशय उत्तरेकडे सुमारे पन्नास किलोमीटर पसरला आहे. काठाचे दाट रान अभयारण्यात मोडते. इतके शांत, निळे पाणी मी कधी पाहिले नव्हते, आणि ते तलावासारखे दिसत असले तरी ती थांबवलेली नदी आहे, हे सारखे विसरायला होत होते.

मला विसरता येण्यासारखे नव्हते. माझी आजी या पाण्याखाली गेलेल्या गावात जन्मली. जलाशयाने जवळजवळ शंभर गावे घेतली. माणसे कुठे कुठे पांगली. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. पुढे लग्न होऊन ती घाटाखाली आली. परत आल्यावर मोठ्या उत्साहाने मी तिला तळ्याचे वर्णन सांगू लागलो, तर ती म्हणाली, "आरं, तळं कसलं? आमचा गाव हाय त्यो." मग तिने विचारले, देवळाचा कळस दिसला का? दिवाळीत जलाशय भरलेला असतो, पाणी मे महिन्यात उतरते, असे मी सांगितले. ती म्हणाली, "मग मे महिन्यात जा."

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात हा घाट सायकलला वर्ज्य समजावा. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दरडी येतात. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. घाटात ट्रक फार, म्हणून पहाटेच निघावे. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. थोडा दाबावा, सोडावा, आणि मध्ये मध्ये थांबून चाकाची कड हाताने चाचपावी. चढताना साठवलेली सारी ऊर्जा तिथे उष्णता होऊन बाहेर पडत असते. पोफळीला पोचेपर्यंत आमच्या रबरांना जळका वास येत होता, आणि त्याच डोंगराच्या पोटात, आम्हाला न दिसता, पाणी आमच्याबरोबर खाली उतरत होते.