आभासी यंत्राच्या पुसल्या गेलेल्या डिस्क-फाइलींचा पुनरुद्धार

आभासी यंत्राला, ज्यास व्यवहारात व्हर्च्युअल मशीन म्हणतात, स्वतःची अशी डिस्क नसते. त्याच्या आत चालणाऱ्या कार्यप्रणालीला जी डिस्क भासते, ती वस्तुतः यजमान यंत्रावरील एक मोठी फाइल होय. पाहुण्या यंत्राचा सारा संसार, त्याची कार्यप्रणाली, त्यातील आधारसामग्री-कोश आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी, त्या एका फाइलीत मावलेला असतो. ही सोय मोठी आहे, कारण फाइल हलविली की यंत्रच हलते. परंतु त्याच कारणाने फाइल पुसली की यंत्रही पुसले जाते. एका आज्ञेने एवढा मोठा संसार दिसेनासा होण्याचा हा प्रसंग जुन्या, प्रत्यक्ष डिस्कच्या काळात सहसा येत नसे.

धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी एखादा जिनिंग कारखाना आहे अशी कल्पना करावी. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की कोणत्या शेतकऱ्याचा किती क्विंटल माल कोणत्या भावाने घेतला, किती पैसे दिले, किती देणे राहिले, हा सर्व हिशेब एका आभासी यंत्रातील कोशात चढू लागतो. डिस्कवर जागा उरली नाही म्हणून कोणी जुन्या समजून काही फाइली काढून टाकतो, आणि त्यांत चालू यंत्राची फाइलही जाते. यानंतरच्या पहिल्या घटकेत जे केले जाते, किंवा करण्याचे टाळले जाते, त्यावर शेतकऱ्यांचे येणे सिद्ध होणार की नाही हे पुष्कळ अंशी ठरते.

फाइल पुसणे म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर धुळे येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी दप्तरे वेगळी आणि दप्तरांची सूची वेगळी असते. सूचीतील एक ओळ खोडली म्हणून कपाटातील कागद जळत नाहीत. मात्र ते कागद कोणाचे आणि कोठे आहेत हे सांगणारे काही उरत नाही, आणि ती जागा मोकळी आहे असे समजून तेथे दुसरे कागद ठेवले जाण्याचा संभव उत्पन्न होतो. फाइल-व्यवस्थेतही असेच घडते. नाव जाते, जागा मोकळी म्हणून घोषित होते, आणि मजकूर नवे लेखन त्यावर येईपर्यंत बहुधा जागच्या जागी राहतो.

लिनक्सवर यात आणखी एक सूक्ष्म भेद आहे, आणि सर्व आशा प्रथम तेथेच असते. तेथे फाइलीचे नाव आणि तिचा आयनोड, म्हणजे तिच्या खंडांचे पत्ते बाळगणारी नोंद, या दोन भिन्न वस्तू होत. नाव काढून टाकले तरी जोपर्यंत एखाद्या चालू प्रक्रियेने ती फाइल उघडून धरली आहे, तोपर्यंत आयनोड मुक्त होत नाही. पाहुणे यंत्र चालू असेल तर ते चालविणाऱ्या क्यूएमू या प्रक्रियेने डिस्क-फाइल धरूनच ठेवलेली असते. अशा वेळी निर्देशिकेत फाइल नसते, पण यंत्र जणू काही झालेच नाही अशा थाटात चालत राहते. फाइलींच्या आकारांची बेरीज आणि डिस्कची व्यापलेली जागा यांत मोठी तफावत दिसू लागली, तर ती या स्थितीची खूण समजावी. ‘प्रॉक’ या आभासी निर्देशिकेत त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली तिने धरलेल्या फाइलींचे दुवे असतात. त्यांत पुसलेल्या फाइलीपुढे तसा स्पष्ट शेराही आढळतो.

म्हणून अशा प्रसंगी यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा जो सर्वपरिचित उपाय, तोच सर्वांत घातक ठरतो. प्रक्रिया संपली की शेवटचा धागा तुटतो. योग्य क्रम असा आहे : पाहुणे यंत्र प्रतिसाद देत असेल तर आतील कोशाची एक निर्यात-प्रत जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रावर आधी काढून घ्यावी. ती आकाराने लहान असते, आणि तिच्यातील अर्थ शाबूत असतो. नंतर पाहुणे यंत्र क्षणभर स्थगित करावे, बंद नव्हे. स्थगितीच्या वेळी क्यूएमू आपले प्रलंबित लेखन पुरे करते, त्यामुळे फाइल सुसंगत अवस्थेत येते. मग ‘प्रॉक’मधील दुव्यावरून सबंध फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. त्या दुव्याला नुसते नवे नाव जोडून भागत नाही. ज्याचे एकही नाव उरलेले नाही अशा आयनोडला पुन्हा नाव देण्यास लिनक्सचा गाभा नकार देतो. प्रत करणे हाच मार्ग उरतो, आणि ती प्रत तपासून, वेगळ्या यंत्रात उभी करून पाहिल्यावाचून मूळ प्रक्रियेस हात लावू नये.

खानदेशात येथे विजेचा प्रश्न उपस्थित होतो. प्रत चालू असतानाच वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याने थकलेली असली, तर काय? पुष्कळांची समजूत अशी की मग सर्व संपले. ती पूर्णपणे खरी नाही. एक्स्ट-४ या प्रचलित फाइल-व्यवस्थेत नाव गेलेला परंतु धरून ठेवलेला आयनोड एका ‘अनाथ’ यादीत नोंदलेला असतो, आणि त्याचे खंडांचे पत्ते अजून पुसलेले नसतात. ते पुसले जातात पुढच्या वेळी, म्हणजे डिस्क पुन्हा जोडली जाते तेव्हा. त्या वेळी व्यवस्था अनाथांचा निकाल लावते. डिस्क ‘केवळ वाचनासाठी’ म्हणून जोडली तरी ही सफाई होऊ शकते, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सबब वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ देऊ नये. डिस्क बाहेर काढून, उपकरणाच्या पातळीवरच लेखनास बंदी करून तिची संपूर्ण प्रत घ्यावी, आणि त्या प्रतीतून ‘डीबगएफएस’सारख्या साधनाने तो आयनोड वाचावा.

प्रक्रिया रीतसर संपलेली असेल तर मात्र प्रकरण अवघड होते, आणि किती अवघड हे फाइल-व्यवस्थेवर अवलंबून असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये पुसलेल्या फाइलीच्या नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढीच खूण होते. खंडांचे पत्ते ती नोंद पुन्हा वापरली जाईपर्यंत तसेच राहतात. एक्स्ट-४ मध्ये ते पत्ते आयनोडमधून खरवडून काढले जातात. त्यांची जुनी प्रत सापडलीच तर जर्नलमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या रोजकीर्दीत. परंतु ही रोजकीर्द चक्राकार असते, तिची पाने ठराविक मर्यादेनंतर पुन्हा वापरली जातात. व्हीएमवेअरच्या जगात चालू यंत्राच्या मुख्य फाइलीस कुलूप असते, म्हणून तेथील अपघात बहुधा बंद यंत्रांवर ओढवतो : यादीतून काढणे आणि डिस्कवरून पुसणे या दोन आज्ञा एकाच सूचीत असतात, आणि हात चुकतो. कधी केवळ वर्णन देणारी छोटी फाइल जाते आणि मजकुराची मोठी फाइल शिल्लक असते. ती हानी किरकोळ होय. अचूक आकार ठाऊक असला की वर्णन नव्याने लिहिता येते.

पत्तेच उरले नाहीत तर सबंध डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तुकडे ओळखावे लागतात. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट या गतीने एकदा वाचावयास सुमारे साडेसात तास लागतात, यावरून श्रमाची कल्पना येईल. तुकडे कसे ओळखावयाचे? जुन्या पोथ्यांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत तशा हस्तलिखितांची पाने शिवलेली नसतात, सुटी असतात. परंतु लेखक समासात पानाचा अंक घालतो, पुष्कळदा ग्रंथनामाचे संक्षिप्त रूपही घालतो. पोथी सुटून दुसऱ्या पोथीत मिसळली तरी अशी पाने वेगळी काढून लावता येतात. ज्या पोथीवर अंक नाहीत ती केवळ मजकुराच्या संदर्भावरून लावावी लागते, आणि ते काम जाणत्याचे असते.

आधारसामग्री-कोशांतही हाच भेद आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या प्रकारात सामान्यतः सोळा किलोबाइटचे एक पान असते, आणि प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा क्रमांक, ते ज्या कोशखंडातील आहे त्याचा क्रमांक आणि पडताळ्याची बेरीज लिहिलेली असते. आभासी डिस्कचे शेकडो तुकडे झाले तरी अशी पाने वेचून कोष्टक उभे करता येते. डिस्क परत मिळाली नाही तरी हिशेब परत मिळतो. पोस्टग्रेसच्या आठ किलोबाइटच्या पानावर त्याचा क्रमांक लिहिलेला नसतो. तेथे क्रम अनुमानाने लावावा लागतो. एनटीएफएसच्या मुख्य कोष्टकातील नोंदींवर मात्र ‘फाइल’ ही अक्षरे व नोंदीचा क्रमांक दोन्ही असतात, म्हणून विंडोज पाहुण्या यंत्राचे तुकडे जुळविणे तुलनेने सुकर जाते. तेव्हा ‘डिस्क-फाइल परत मिळवून द्या’ हा प्रश्नच कित्येकदा चुकीचा विचारलेला असतो. हवा असतो तो तिच्यातील विशिष्ट मजकूर, आणि शोध थेट त्याचाच करणे श्रेयस्कर.

तुकडे किती पडतात हे फाइल कशी निर्माण केली यावर ठरते. सर्व जागा आरंभीच राखून ठेवलेली फाइल बरीचशी सलग असते. गरजेप्रमाणे वाढणारी फाइल डिस्कभर विखुरते. क्यूकाऊ-२ या पद्धतीत याशिवाय फाइलीच्या पोटातच दुसरी अनुक्रमणिका असते. तिचे एक पान, प्रचलित चौसष्ट किलोबाइटच्या खंडमानाने, पाहुण्या डिस्कच्या ५१२ मेगाबाइटचे पत्ते सांगते. असे एक पान हरवले की तेवढा मजकूर, अक्षरशः समोर असूनही, अनुक्रमाविना होतो. घनस्थिती डिस्क असेल तर वेळ आणखी थोडा असतो. मोकळ्या झालेल्या जागा डिस्कला कळविणारी ‘ट्रिम’ ही आज्ञा पुष्कळ लिनक्स-प्रणालींत आठवड्यातून एकदा आपोआप चालते, आणि तिच्यानंतर त्या जागी बहुधा शून्येच वाचावयास मिळतात. ही नियोजित आज्ञा थांबविणे हे पहिल्या काही कामांपैकी एक असावे.

क्षणचित्रे, ज्यांस स्नॅपशॉट म्हणतात, ती म्हणजे राखीव प्रत होय, असा समज विद्यार्थ्यांतही आढळतो. क्षणचित्रानंतरच्या फाइलीत केवळ बदललेले भाग असतात. मूळ फाइल गेली तर त्या बदलांना आधार राहत नाही. शिवाय दोन्ही एकाच डिस्कवर नांदतात. धरणगावी इंग्रजांनी १६७४ मध्ये घातलेली वखार पुढच्याच वर्षी मराठी फौजेने लुटली. तिच्याविषयी आज जे सांगता येते ते मुख्यतः सुरत व मुंबई येथे गेलेल्या पत्रव्यवहारामुळे, वखारीत राहिलेल्या वह्यांमुळे नव्हे.

एका बाबतीत मात्र वरील बहुतेक उपाय निरुपयोगी ठरतात. पाहुण्या यंत्राने आपली डिस्क गूढलिपीत ठेवली असेल तर तिच्या कोणत्याही तुकड्यावर ना अंक दिसतो ना नाव. सारे खंड सारखेच अर्थहीन भासतात. लिनक्सच्या लक्स पद्धतीत किल्ली सांभाळणारा मजकूर डिस्कच्या आरंभी थोड्या जागेत असतो. तेवढा भाग नव्या लेखनाखाली गेला तर परवलीचा शब्द ठाऊक असूनही काही उलगडत नाही. यंत्र अजून चालू असेल तर मूळ किल्ली त्याच्या स्मृतीत असते, आणि आतून फाइली नेहमीसारख्या वाचता येतात. म्हणून अशा यंत्राच्या बाबतीत बाहेरून प्रत घेण्यापूर्वी आतूनच सर्व मजकूर काढून घ्यावा लागतो.