केळ्यात डोपामिन, पण मेंदूला कुलूप

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या शिवारातून ट्रक भरभरून जी केळी उत्तरेच्या बाजारात जातात, त्या केळ्यात डोपामिन असतं. गरात थोडं, सालीत बरंच जास्त. २००० साली जपानी संशोधकांनी ते मोजून प्रसिद्ध केलं. पार्किन्सनच्या आजारात मेंदूला नेमकं हेच रसायन कमी पडतं. मग केळीच्या आगारात हा आजार दिसायलाच नको. पण तो दिसतो, अगदी केळीच्या बागायतदाराच्या घरातही दिसतो. कारण रक्तातून मेंदूत कोणाला सोडायचं आणि कोणाला अडवायचं, हे ठरवणारा कडक पहारा मेंदूभोवती असतो आणि डोपामिनला तिथे प्रवेश नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं पार्किन्सनच्या औषधांवरचं बरंचसं संशोधन म्हणजे हा पहारा चुकवण्याची खटपट. ती समजून घेतली, की डॉक्टर 'गोळी जेवणाआधी घ्या' असं का बजावतात, तेही कळतं.

सही बारीक होते तेव्हा

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी सहा रुग्णांची निरीक्षणं लिहून या आजाराची पहिली नीट नोंद केली. मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन तयार करतात आणि त्यावर आपल्या हालचालींची सहजता अवलंबून असते. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणं नजरेत भरतात तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात.

हात थरथरणं सगळ्यांना माहीत असतं, पण ते प्रत्येकाला होतंच असं नाही. मंदावलेली हालचाल हे मुख्य लक्षण. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलायचा थांबतो, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. अक्षर बारीक होत जातं. पेन्शन काढायला गेलं की काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "आबा, सही जुळत नाही, परत करा." आबा परत करतात, ती आणखी बारीक होते. घरी सगळे म्हणतात, वय झालं. कोणी म्हणतं, लकव्याचा झटका येऊन गेला असेल.

काही खुणा तर याच्याही कित्येक वर्षं आधी दिसू शकतात. जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, वास न येणं. भरताची वांगी काड्यांवर भाजताना सगळ्या आळीला वास सुटतो आणि घरातल्याच माणसाला तो येत नाही, तर ते लक्षात ठेवावं. यातली एखादी खूण असली म्हणजे पार्किन्सन असं मुळीच नाही. पण हालचालही मंदावली असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला एकदा दाखवावं. निदान मुख्यतः तपासणीवरच होतं. त्यासाठी रक्ताची सर्रास वापरातली अशी चाचणी नाही.

पहारा चुकवणारी गोळी

१९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी प्राण्यांना रेसरपिन दिलं. हे औषध मुळात आपल्या सर्पगंधेतून मिळालेलं. त्याने प्राणी निपचित पडले. मग ज्यापासून डोपामिन बनतं ते लेवोडोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविझ यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खूपच घटलेलं असल्याचं दाखवलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेवोडोपाचे मोठे डोस तोंडावाटे देऊन रुग्णांना चालतं केलं.

लेवोडोपा हे एक अमिनो आम्ल. मेंदूला अमिनो आम्लं लागतात, म्हणून पहारा त्याला आत सोडतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. अडचण एवढीच, की बरंचसं लेवोडोपा मेंदूबाहेरच डोपामिनमध्ये बदलतं. त्याचा मेंदूला उपयोग नाही, वर मळमळ होते. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात. ते बाहेरचा बदल रोखतं आणि स्वतः मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे आतलं काम बिघडत नाही. आज खान्देशातल्या रुग्णाच्या हातात जी गोळी पडते, ती बहुधा याच जोडीची असते.

या कहाणीत एक भारतीय पान आहे. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून लेवोडोपा वेगळं काढलं होतं. अंगाला लागली की जीव नकोसा करणारी ही वेल, आयुर्वेदातली कपिकच्छू. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. वैद्यांच्या गटाने तिचा पार्किन्सनसाठीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये तिच्या बियांपासून केलेल्या औषधाचा ६० रुग्णांवरचा, १२ आठवड्यांचा अभ्यास आला. २००४ मध्ये लंडनला आठ रुग्णांवर केलेल्या चाचणीत तिचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. अभ्यास लहान आहेत, पण गुण खरा आहे.

तरी बाजारातली कवचबीज, म्हणजे याच बियांच्या, चूर्णाची पुडी आणून गोळीबरोबर सुरू करू नये. बियांतलं लेवोडोपाचं प्रमाण वाणागणिक बदलतं. दोन्ही मिळून डोस किती झाला, हे कोणालाच कळत नाही. चूर्ण घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावं. आधीपासून घेत असाल तर लपवू नये.

गोळी आधी, वरण-बट्टी नंतर

अमिनो आम्लांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणाऱ्या वाटा ठरावीक असतात. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचीही अमिनो आम्लंच होतात आणि त्याच वाटेने जातात. म्हणजे वरण-बट्टीच्या भरपेट जेवणावर घेतलेली गोळी मागे पडते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, तिचंही तेच. 'आज गोळी लागलीच नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा औषध नव्हे, ताट असतं.

म्हणून लेवोडोपाची गोळी साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर घ्यावी; दुधाबरोबर नको. सुरुवातीला मळमळत असेल तर साधं बिस्कीट किंवा केळं चालतं. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. आजार जुना होऊन औषधाचा परिणाम कमीजास्त होऊ लागला, तर काही रुग्णांना डॉक्टर डाळ-दुधाचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यायला सांगतात. डाळ बंद मात्र करू नये. स्नायू आधीच अशक्त झालेले असतात.

आठला ठरलेली गोळी साडेनऊला घेतली, तर काहींचा तो दीड तास खुर्चीतच जातो. कोणत्या वेळी शरीर मोकळं होतं, कधी जखडतं, कधी अनावर हलतं, याची आठवडाभराची नोंद वहीत करून डॉक्टरांपुढे ठेवा. दहा मिनिटांच्या भेटीत ती फार कामाला येते. गोळी एकदम कधीच थांबवू नये, तो प्रकार जिवावर बेतू शकतो. दुसऱ्या कशासाठी दवाखान्यात दाखल केलं, तरी या गोळ्यांच्या वेळा तिथल्या नर्सला सांगाव्यात.

शिरपूरची नाकाची वाट

पहारा चुकवण्याचा एक प्रयत्न धुळे जिल्ह्यातच झाला आहे. शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये रोपिनिरोल या पार्किन्सनच्या औषधाचे अतिसूक्ष्म कण बनवून ते नाकावाटे देण्यावरचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. वासाच्या चेता नाकाच्या वरच्या टोकातून थेट मेंदूशी जोडलेल्या असतात, त्या वाटेने गेलं तर मेंदूभोवतीचा पहारा मध्ये येत नाही. हे काम प्रयोगशाळेतलं आणि प्राण्यांवरचं. तिथून दुकानापर्यंतचा रस्ता लांब असतो. पण प्रश्न शिरपूरच्या टेबलावर आहे, हे खान्देशाला माहीत असावं.

बाकी मार्ग महाग आहेत. मेंदूत तार बसवून सूक्ष्म विद्युत स्पंदनं देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये १९८७ पासून विकसित झाली. मुंबई-पुण्यात ती होते आणि खर्च लाखांत जातो. गोळीने गुण येतो पण दिवसभर टिकत नाही, अशा निवडक रुग्णांना तिचा चांगला फायदा होतो. २०२५ मध्ये जपानमध्ये सात आणि उत्तर अमेरिकेत बारा रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घातल्याचे निष्कर्ष आले. या चाचण्या प्रामुख्याने सुरक्षितता पाहण्यासाठी होत्या. तेवढ्यावर 'स्टेम सेलने पार्किन्सन बरा' अशी जाहिरात करून कोणी पैसे मागत असेल, तर शेत विकून तिथे जाऊ नका. आजाराची वाढ थांबवणारं सिद्ध झालेलं औषध आज जगात कुठेच नाही.

फुकट मिळणारा उपाय

व्यायामाला पहारा चुकवावा लागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत १२८ नव्या रुग्णांवरच्या अभ्यासात ज्यांनी सहा महिने ट्रेडमिलवर दम लागेल असा व्यायाम केला, त्यांची लक्षणं जवळपास होती तिथेच राहिली. ज्यांनी दिनक्रम बदलला नाही, त्यांची वाढली. जळगावच्या मेहरूण तलावाची फेरी किंवा धुळ्याच्या पांझरेचा काठ यासाठी पुरे आहे. फक्त रमतगमत नको, भरभर चालावं. हृदयविकार असेल तर आधी विचारावं. मे महिन्यात पहाटेच आटपावं. या आजारात आणि त्याच्या औषधांनी उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो, त्यात जळगावचं ऊन आणि कमी पाणी म्हणजे भोवळ येऊन पडणं ठरलेलं.

पाय उंबरठ्यापाशी जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा मागून ढकलू नये. फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात किंवा 'एक-दोन, एक-दोन' असा ठेका द्यावा. पट्टी ओलांडताना किंवा ठेका धरताना मेंदू वेगळी वाट वापरतो आणि पाऊल उचललं जातं. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले, त्यातही ताल हाच आधार होता.

आधी घरातल्या गोळ्या तपासा

काहींना पार्किन्सन नसतोच, गोळ्यांमुळे तसं दिसतं. चक्करेवरची सिनारिझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि अ‍ॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये असणारं लेवोसल्पिराइड ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतली, की हात थरथरतात, चाल मंदावते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. शेतातलाही एक धोका आहे. २०११ च्या अमेरिकी अभ्यासात पॅराक्वॅट किंवा रोटेनोन हाताळणाऱ्यांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. पॅराक्वॅट तणनाशक आहे, रोटेनोन कीटकनाशक. कापूसपट्ट्यात फवारणी करणाऱ्याने हातमोजे, तोंडाला फडकं आणि वाऱ्याची दिशा या तिन्ही गोष्टी पाळाव्यात.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. तिथे रुग्ण भेटतात, बोलतात, एकत्र व्यायाम करतात. जळगाव-धुळ्याच्या गल्लीत असं मंडळ उभं करायला मोठं हॉस्पिटल लागत नाही. महिन्यातला एक रविवार, एखादं मंगल कार्यालय, एक फिजिओथेरपिस्ट आणि दहा घरं पुरतात. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर सुरुवात तुम्हीच करा.