मांजरीने सारलेला पडदा

मांजरीच्या गळ्यातली दोरी बांबूच्या पडद्यात अडकते, पडदा बाजूला होतो आणि आत उभी असलेली राजकन्या अंगणात चेंडू खेळणाऱ्या काशिवागी या तरुण दरबाऱ्याला दिसते. खानदानी बाईने परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही, असा तेव्हाच्या दरबारचा रिवाज. राजकन्या तर नायक गेन्जीची पत्नी. त्या ओझरत्या दर्शनाने वेडावलेला काशिवागी काही वर्षांनी तिला गाठतो, तिला त्याच्यापासून मूल होतं; ती केस कापून संन्यास घेते आणि तो झुरून मरतो.

अकराव्या शतकाच्या आरंभी, सम्राज्ञी शोशीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबु यांनी लिहिलेल्या ५४ प्रकरणांच्या ‘गेन्जी मोनोगातारी’तला हा प्रसंग. साडेसातशे वर्षांनी सुझुकी हारुनोबुने तो लाकडी ठशांच्या छापचित्रात आणला. एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, १७६५ साली बहुरंगी छपाई रुळली, तेव्हाचा हा आघाडीचा चित्रकार. त्याच्या चित्रात ना राजवाडा, ना राजकन्या. शहरी ढंगाचा किमोनो नेसलेली एक तरुणी आणि दोरीला बांधलेली मांजर, बस्स. जाणकाराला तेवढं पुरे.

मूळ पोथीची भाषा तोवर इतकी जुनी झाली होती, की टीकेवाचून ती कळणं अवघड. कथा मात्र पसरली होती. क्योतोच्या यामामोतो शुन्शोने १६५० साली सव्वादोनशेच्या वर चित्रं घालून तिची आवृत्ती तयार केली, आणि कुठल्या प्रकरणाला कुठलं दृश्य हे लोकांच्या डोळ्यांत बसत गेलं.

त्याहून सुटसुटीत खूण मिळाली सुगंध ओळखण्याच्या खेळातून. पाच धूप एकापाठोपाठ हुंगायचे, प्रत्येकासाठी एक उभी रेघ मारायची आणि सारखे वाटतील त्यांच्या रेघा वरून जोडायच्या. अशा ५२ आकृत्या होतात. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वगळून उरलेल्यांची नावं त्यांना दिली गेली. चित्राच्या कोपऱ्यात अशी आकृती दिसली, की प्रकरण कोणतं ते शीर्षक न वाचताही कळे.

खरा धमाका मात्र १८२९चा. र्युतेइ तानेहिको या सामुराई लेखकाने गेन्जीला दरबारातून उचलून काही शतकांपूर्वीच्या मुरोमाची काळातल्या शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, घराण्यात नेलं आणि नाव दिलं मित्सुउजी. हा पठ्ठ्या रंगेलपणाचं सोंग आणून घराण्याच्या चोरीला गेलेल्या वारसावस्तू शोधत फिरतो. प्रेमकथेची रहस्यकथा झाली! ‘निसे मुरासाकी इनाका गेन्जी’ या त्याच्या पुस्तकाचे ३८ भाग निघाले. चित्रं उतागावा कुनिसादाची. त्याने मित्सुउजीला कोळंबीच्या शेपटीसारखी दुभंगलेली शेंडी दिली, आणि ती शेंडीच त्याची ओळख झाली. केसांच्या त्या बारीक रेघा लाकडात कोरण्याचं काम सगळ्यात कसबी कोरीवकाराकडे असे.

पन्नासावर मुलांचा बाप असलेल्या शोगुन इएनारीच्या जनानखान्याची ही टवाळी आहे, अशी कुजबुज होतीच. १८४२ साली, चैन आणि छपाईवर निर्बंध आणणाऱ्या तेन्पो सुधारणांच्या धडाक्यात पुस्तकावर बंदी आली. तानेहिको त्याच वर्षी वारला.

चित्रं मात्र थांबली नाहीत. बंदीचा जोर ओसरल्यावर मित्सुउजी तीन-तीन कागदांच्या जोडचित्रांत परतला. १८५३च्या एका हिमदृश्यात निसर्ग चित्रकार हिरोशिगेचा आणि माणसं कुनिसादाची आहेत. अशा चित्रांची लाटच आली. ती घेणाऱ्या अनेकांचा गेन्जी म्हणजे मुरासाकींचा नव्हे, तानेहिकोचाच असणार.

पाश्चात्त्य संग्राहकांनी पुढे हारुनोबु आणि उतामारो या आधीच्या चित्रकारांना डोक्यावर घेतलं आणि कुनिसादाला उतरत्या काळाचा भडक चित्रकार म्हणून बाजूला सारलं. तो निकाल एकांगी होता. रेषेची नजाकत हारुनोबुची मोठी, यात वाद नाही. पण दरबाराचं साहित्य बाजारपेठेच्या हाती देण्याचं काम कुनिसादाइतकं दुसऱ्या कुणी केलेलं नाही.