मॉडेल टी काळीच का होती?

(मोटारीची जडणघडण : लेखांक ६)

फोर्डच्या मॉडेल टीच्या काळ्या रंगाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक, हेन्री फोर्ड हट्टी होता. दुसरे, काळा रंग सगळ्यांत लवकर वाळतो. पहिल्या कारणाला तारखांचा आधार नाही. १९०८ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा आणि पुढची काही वर्षे ती राखाडी, लाल, हिरवी, गडद निळी अशी मिळत होती. ती फक्त काळी झाली १९१४ पासून. हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणीपट्टी सुरू झाली ती १९१३ च्या उत्तरार्धात, आणि चासी जोडायला लागणारे साडेबारा तास काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आले. हट्टच असता तर तो पहिल्या दिवसापासून दिसला असता. तो नेमका जुळणीपट्टीच्या मागोमाग का यावा? दुसरे कारण सत्याच्या बरेच जवळ जाते, पण माझ्या मते तेही अर्धवटच आहे.

जुळणीपट्टी येण्याआधी मोटारी रंगवण्याची रीत बग्गी रंगवणाऱ्यांकडून आलेली होती. जवसाच्या तेलातला रंग ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, लांबी भरायची, घासायचे, पुन्हा हात द्यायचा, आणि शेवटी वॉर्निश. तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, त्याला घाई चालत नाही. चांगल्या गाडीचे हे काम दोन ते चार आठवडे चाले. दिवसाला पाच-दहा गाड्या काढणाऱ्याला ते परवडे. पण १९२३ मध्ये फोर्डने अठरा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर रोजच्या सहा हजार. प्रत्येक बॉडी तीन आठवडे, म्हणजे अठरा कामाचे दिवस, वाळत ठेवायची म्हटले तर लाखाहून जास्त बॉड्या एकाच वेळी छपराखाली हव्यात, त्याही धूळ बसणार नाही अशा जागी. चासी दीड तासात तयार आणि रंग तीन आठवडे, हे गणित जुळणारे नव्हते.

फोर्डने ब्रश जवळजवळ बाद केला. मडगार्ड रंगाच्या हौदात बुडवून भट्टीत जात. बॉडीवर कामगार रुंद तोंडाच्या नळीने वरून रंग सोडी. तो ओघळत खाली येई आणि उरलेला खालच्या पन्हळीत जमून पुन्हा वापरात येई. भट्टीत भाजायच्या भागांचा काळा रंग डांबराच्या जातीच्या खनिजापासून बनत असे. युटामध्ये सापडणारे गिल्सोनाइट हे त्यातलेच. हे द्रव्य स्वस्त, ओलाव्याला दाद न देणारे, आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले की कडक होणारे. त्या काळातले फिके रंग अशा आचेत पिवळे-तपकिरी पडत. मुख्य म्हणजे या रंगाचे मूळ द्रव्यच काळे होते. त्यात कितीही लाल घाला, लाल होणार नाही. तेव्हा काळा रंग निवडलाच गेला नाही, असे म्हणणे जास्त बरोबर. निवडला गेला तो भट्टीत टिकणारा स्वस्त लेप.

यावर जाणकार हरकत घेतील, आणि ती योग्य आहे. मॉडेल टीवर तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग वापरले गेले, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. शिवाय बॉडीचा सांगाडा लाकडी असल्याने ती कडक आचेच्या भट्टीत घालताच येत नसे. तिथला काळा रंग इतर रंगांपेक्षा फार लवकर वाळे असेही नाही. मग बॉडी तरी रंगीत का नाही? कारण मडगार्ड, बॉनेट, चासी सगळे काळे असताना रंगीत बॉडी म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा साठा, वेगळे हौद, आणि योग्य बॉडी योग्य गाडीपाशी पोहोचवण्याची कटकट. दुसरी हरकत अशी की इतर कंपन्या रंगीत गाड्या विकतच होत्या. विकत होत्या, पण बहुतेक थोड्या आणि महाग. मोठ्या संख्येने गाड्या काढू लागलेल्या डॉज बंधूंकडे पाहा. १९१४ पासून त्यांची बॉडी संपूर्ण पोलादी, त्यामुळे ती सरळ भट्टीत जाई. त्यांच्याही गाड्या बहुतांशी काळ्याच. तिथे हेन्री फोर्डचा हट्ट कुठून येणार?

कोंडी फोडली ती ड्यूपाँट कंपनीच्या ड्यूकोने. (आपल्याकडचे फर्निचरवाले आजही ज्याचे नाव घेतात तेच हे.) सिनेमाच्या फिल्मला लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजपासून हे लॅकर निघाले. त्यातले थिनर उडून गेले की थर तयार. प्राणवायूची वाट पाहणे नाही. स्प्रे गनने मारले की आठवड्यांचे काम तासांवर आले, आणि भट्टीचीही गरज राहिली नाही. जनरल मोटर्सची निळी ओकलंड १९२४ च्या मॉडेलमध्ये ड्यूकोने रंगून आली. ड्यूको फुकटचे वरदान होते असे मात्र नाही. फवाऱ्याने बसलेला थर मंद दिसे; तो घासून, पॉलिश करून चमकवायला माणसे लागत. वाळण्यात वाचलेला वेळ थोडाफार मनगटांनी परत घेतला.

१९२६ च्या मॉडेलपासून फोर्डनेही रंग परत आणले. बंद बॉडीची टी आता हिरवी आणि मरून मिळू लागली. मडगार्ड मात्र आधीसारखेच बुडवून, भाजून निघत होते, आणि त्या हिरव्या-मरून गाड्यांवरही ते काळेच होते. हौदात बुडवून रंगवण्याची हीच युक्ती १९६० च्या दशकात विजेच्या जोडीने संपूर्ण बॉडीसाठी कशी परत आली, ते पुढच्या लेखांकात.